दोन झाडांचं आडनाव

ओले काजूगर सोलताना फोन हातात धरता येत नाही. काजूचा चीक काय चीज आहे हे ज्याच्या बोटांची सालं गेली आहेत त्यालाच ठाऊक. म्हणून मुलाचा फोन आला तेव्हा मी तो कोपरानं स्पीकरवर टाकला, आणि त्यानं लग्न ठरवल्याची बातमी मला, नवऱ्याला आणि पडवीत पेपर वाचत बसलेल्या माझ्या थोरल्या दिरांना एकदमच कळली. एरवी असल्या बातम्या आमच्याकडे आधी स्वयंपाकघरात येतात, तिथं चांगल्या मुरतात आणि मग बेताबेतानं पडवीत जातात. या वेळी मुरायला सवडच मिळाली नाही.

मुलगा मलेशियात पिनांगला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. मुलगी तिथलीच, चिनी घरातली. मी अजून 'बरं' म्हणावं की 'अगो बाई' म्हणावं या विचारात होते, तेवढ्यात पडवीतून प्रश्न आला, आडनाव काय तिचा? मुलगा म्हणाला, लिम. आबांनी, म्हणजे माझ्या दिरांना घरात सगळे आबाच म्हणतात, पेपर खाली ठेवला. लिम म्हणजे लिमकर की लिमये, असं त्यांनी विचारलं. नुसतं लिम, मुलगा म्हणाला. त्यावर आबा म्हणाले, "इतक्याश्या आडनावात माणूस मावता कसो?"

हसू नका. आमच्या भागात आडनाव म्हणजे अर्धी कुंडली. त्यात गाव असतं, कूळ असतं, आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं की कुठल्या देवळात आपण एकमेकांना भेटलो असणार. आमचंच आडनाव घ्या. गावाच्या नावापुढे 'कर' लागला की झालं. माणूस ठाण्याला जावो नाहीतर दुबईला, गाव पाठीला बांधून जातो. आणि आबा तर आमच्या भावकीतले सगळ्यांत वडीलधारे. गावच्या देवळात भावकीतर्फे गाऱ्हाणं घालतात ते. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून, मोठ्यानं, कोण आलंय, कुठलं आहे आणि काय मागतंय ते आपल्या बोलीत सांगायचं, आणि मागे उभ्या असलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आता ज्या माणसाला देवापुढे माणसाची ओळख करून द्यायची आहे, त्याला एवढंसं आडनाव कसं पुरणार?

पण नकार द्यायचा हा काही प्रश्नच नव्हता. आबांचा पुतण्यावर भारी जीव. त्यांना फक्त सगळं रीतीनं व्हायला हवं होतं. कोकणी माणसाला रीत मोडायची असते तेव्हाही तो ती रीतीनंच मोडतो, हे मी इतकी वर्षं या घरात नांदून शिकले आहे. पहिली अडचण देवकाची. आमच्यात लग्नाआधी दोन्ही घरांत देवक बसवतात. ज्या त्या कुळाचं एक झाड असतं, त्याची डहाळी आणून पुजतात. आमचं कळंब. लिमांचं काय? दुसरी अडचण त्याहून मोठी. मुलीची आई ती लहान असतानाच गेलेली. वडिलांनी एकट्यानं वाढवलेली, एकुलती एक. आणि कन्यादानाला आमच्याकडे जोडपं लागतं. एकटा माणूस बसत नाही.

ही दुसरी अडचण आबांना कोणी समजावून सांगायला नको होती. आमच्या जाऊबाई अशाच लवकर गेल्या. आबांच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा कन्यादानाला मी आणि माझे यजमान बसलो. आबा दिवसभर मांडवात पळत होते, आचाऱ्यावर ओरडत होते, आहेर मांडत होते. आणि भटजींनी नेमकं कन्यादानाला हाक मारली तेव्हा ते पाण्याची टाकी भरली का बघायला विहिरीकडे गेले होते. आम्ही म्हटलं, काय हा माणूस, कधी काय सुचेल त्याचा नेम नाही.

तर आबांनी एक तोड काढली, आणि खरं सांगते, आम्हां सगळ्यांना ती झकास वाटली. माझा भाऊ आणि वहिनी यांना मुलगी नाही. त्यांनी लग्नापुरती तिला मांडीवर घ्यायची. म्हणजे तिला आईबाप मिळाले, कूळ मिळालं, देवक मिळालं, कन्यादानाला जोडपं मिळालं. शिवाय ती नात्यानं मुलाच्या मामाची मुलगी होते, आणि मामाची मुलगी आमच्यात चालते म्हणजे काय, धावते. आबा स्वतःवरच इतके खूश झाले की त्यांनी त्या दिवशी दोन वेळा चहा मागितला. वहिनीनं तर कुडाळच्या बाजारात जाऊन पिवळी साडीसुद्धा आणली. भटजींनीही मान डोलावली. मुलीच्या वडिलांना मानाची खुर्ची, शाल, नारळ, फेटा, सगळं यथासांग. त्यांना हे सांगायचं काम मुलाकडे. मुलगा म्हणाला, सांगतो. आणि तो काही बोलला नाही, हे आम्हाला शेवटच्या दिवशी कळलं.

लग्नाच्या आठवडाभर आधी व्याही आले; मुलगा आणि मुलगी सुट्टी मिळाल्यावर मागाहून येणार होती. मोपा विमानतळावरून आम्ही त्यांना जीपनं आणलं. बारीक अंगाचा, पांढऱ्या शर्टाचा, हसरा माणूस. आयुष्यभर टपाल खात्यात काढलेलं. मी हायस्कुलात भूगोल शिकवला, त्यामुळे माझं इंग्रजी नकाशापुरतं बरं आहे, आणि त्यांचं पाकिटांवरच्या पत्त्यांपुरतं. आमचं छान जमलं. कसालच्या तिठ्यावर चहाला थांबलो तेव्हा मी सरळ विचारून टाकलं, तुमच्या आडनावाचा अर्थ काय? ते उठले, जीपच्या बॉनेटवर आमच्या रस्त्यांची तांबडी धूळ बसली होती तिच्यात बोटानं एक खूण काढली. उभी रेघ, आडवी रेघ, खाली दोन फांद्या. हे झाड, म्हणाले. मग त्याच्या शेजारी तसंच दुसरं काढलं. हे रान. हे आम्ही.

आबा चहाची बशी हातात घेऊन वाकून बघत होते. झाडं त्यांना पटली. माझ्याकडे वळून म्हणाले, "वायच बरो आसा."

घरी आल्यावर तर आबांनी तपासणीच सुरू केली, आणि मी दुभाषी. माझ्या खोलीत आशियाचा जुना नकाशा आहे, त्याच्यासमोर दोघं उभे राहिले. व्याही म्हणाले, मूळ फार उत्तरेचं, पिवळ्या नदीच्या बाजूचं. तिथून पिढ्यान्‌पिढ्या खाली सरकत फुजियानला आले, समुद्रकाठी. फुजियानमध्ये दगड मारला तर लिमाला लागेल. तिथून तायवान जवळच, तिथं चेन आडनावाच्या खालोखाल यांचीच माणसं. मग बोटीत बसून पिनांग, सिंगापूर, मलाक्का, खाली इंडोनेशिया, इकडे व्हिएतनाम. लिहिताना सगळीकडे तीच दोन झाडं. म्हणताना उत्तरेत लिन, फुजियानी बोलीत लिम, हाँगकाँगकडे लाम. टपालात असताना म्हणे त्यांच्या हाताखालून जाणाऱ्या दर थैलीत लिमांची पाकिटं असायचीच, आणि एकाच गल्लीत इतके लिम की नुसत्या आडनावावर पत्र पोचवणं अशक्य.

आबांनी नकाशावर हात फिरवला. त्यांचा चेहरा पडला होता. आमची भावकी फार तर मुंबईपर्यंत, ते म्हणाले, आणि एक जण बडोद्याला, पण तो गणपतीला येत नाही. मग त्यांनी विचारलं, हे सगळे लिम सणाला एकत्र कुठे येतात? व्याह्यांनी सांगितलं की त्यांच्या शहरात लिमांचं एक कुळाचं घर आहे, अर्धं देऊळ अर्धं घर, तिथं पूर्वजांना उदबत्त्या लावतात. आमच्याही मूळ घरी सगळ्या भावकीचा एकच गणपती असतो, त्यामुळे हे आबांना समजावून सांगावं लागलं नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी ऐकून लगेच उचलली. एका आडनावाच्या मुलामुलीनं लग्न करायचं नाही, अशी त्यांच्यात जुनी रीत. आमच्यातही एक देवक असलेल्यांचं लग्न होत नाही. आबा टाळी देऊन म्हणाले, सेम देवक! 'सेम' हा त्यांचा एकमेव इंग्रजी शब्द, पण त्यांनी तो बरोबर जागी वापरला.

एक गोष्ट मात्र व्याह्यांनी सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. इंडोनेशियात गेलेल्या त्यांच्या चुलत्यांना एके काळी चिनी नावं टाकून तिथली नावं घ्यावी लागली. तर त्यांनी अशी नावं शोधली की नव्या नावाच्या पोटात कुठेतरी लिम राहील. बाहेरून कोणाला दिसणार नाही, घरात सगळ्यांना माहीत. व्याह्यांना स्वतःला मुलगा नव्हता. त्यांच्या घरात लिम म्हणवून घेणारी मुलगीच शेवटची, आणि त्यांच्यात बायका लग्नानंतरही बापाचं आडनाव ठेवतात, तेवढाच काय तो आधार. हे त्यांनी रडून नाही सांगितलं. पाकिटाचा पत्ता वाचून दाखवावा तसं सांगितलं आणि परत नकाशाकडे बघू लागले. मला मात्र एकदम माझं माहेरचं आडनाव आठवलं. कित्येक वर्षांत मी ते मोठ्यानं उच्चारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना आम्ही पिंगुळीला नेलं. पाहुणा आला की पिंगुळी ठरलेली. कळसूत्री बाहुल्या झाल्या, मग चित्रकथी. गोष्ट सांगणारा एकेक चित्र पुढे करतो आणि गात गात सांगतो. एका चित्रात दाट झाडी, आणि झाडीत एकटी पोटुशी राणी, राजानं सोडलेली. ती कोण हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरसुद्धा सांगेल. पण व्याही ताडकन उभे राहिले. "आमची आजी," ते म्हणाले.

मग परतीच्या वाटेवर त्यांनी ती सांगितली. फार फार जुन्या काळी एक जुलमी राजा होता. त्याचा चुलता खरं बोलणारा. त्यानं पुतण्याला तोंडावर सांगितलं की हे तुझं चुकतंय. राजा म्हणाला, एवढा चांगला माणूस आहेस तर तुझं काळीज कसं आहे ते बघू, आणि ते काढून बघितलं. चुलत्याची बायको पोटुशी होती. ती रानात पळाली आणि तिथंच झाडाला धरून बाळंत झाली. पुढे जुलमी राजा गेला, नवा आला, त्यानं त्या पोराला शोधून काढलं आणि विचार केला, याला आडनाव काय द्यावं? बापाचं घर राहिलेलं नाही. तर याला रानानं सांभाळलं, याचं आडनाव रान. खरं-खोटं कोण जाणे, व्याही म्हणाले, पण प्रत्येक लिमाच्या घरात ही गोष्ट सांगतात.

आबा पुढच्या सीटवर बसले होते. मी एकेक वाक्य मालवणीत करून देत होते. काळजाच्या जागी आल्यावर त्यांनी 'अरे देवा' म्हणून कपाळाला हात लावला. कुडाळ गेलं, महामार्ग लागला, तेव्हा कुठे म्हणाले, "ह्यांका देवक आसा गो. अख्खी राय आसा."

राय म्हणजे देवराई. आमच्या देवळामागे आहे, तिच्यातली पडलेली काटकीसुद्धा कोणी घरी नेत नाही. देवकाचा प्रश्न आबांच्या लेखी तिथं मिटला. पण जोडप्याचा मिटला नव्हता, आणि वहिनीची पिवळी साडी इस्त्री होऊन तयार होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी भटजी आले. पडवीत सगळे बसले होते. मी पोह्यांच्या बशा फिरवत होते. भटजी म्हणाले, कन्यादानाच्या संकल्पात मुलीच्या पणजोबांचं, आजोबांचं आणि वडिलांचं नाव घ्यावं लागतं, ते सांगा. आणि माझ्या भावानं, बिचाऱ्यानं, हौसेनं आपल्या आजोबांपासून सुरुवात केली.

व्याही हसत हसत मुलाकडे वळले. हे काय चाललंय, असं विचारत असावेत. मुलगा लाल झाला. मी म्हटलं, तू त्यांना सांगितलंस ना? शेवटी सांगितलं त्यानं, अडखळत, तिथंच, सगळ्यांसमोर. मला इंग्रजी कळत होतं, म्हणून सगळं ऐकावं लागलं. की ही आमची रीत आहे. की ती फक्त लग्नापुरती यांची मुलगी होईल. की तुम्हाला फार मानाची जागा आहे.

व्याह्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. चिडले असते तर बरं झालं असतं, चिडलेल्या माणसाला आम्ही कसंही पटवतो. त्यांनी माझ्या भावाकडे बघून मान लववली, जणू त्याचे आभारच मानले. मग मुलाला हळूच काहीतरी विचारलं. आबा म्हणाले, काय इचारतंत ते? सांग.

"इचारतंत," मुलगा म्हणाला, "मगे मी खंय बसू?"

भटजी पंचांगात बघू लागले. मला इतकी लाज वाटली की बशा घेऊन आत पळावं असं झालं. आम्ही सगळ्यांनी मिळून, मायेनं, साडी आणून, फेटा आणून, एका बापाला त्याच्या मुलीच्या लग्नात पाहुणा केला होता. आणि ज्या रानानं उघड्यावरच्या पोराला आडनाव दिलं, ते आडनाव आम्ही उद्याच्या मांडवात एकदासुद्धा उच्चारणार नव्हतो.

मी आबांकडे बघितलं. ते व्याह्यांकडे बघत नव्हते. ते विहिरीच्या बाजूला बघत होते, जिथं पाण्याची टाकी आहे.

मग उठले, खांद्यावर पंचा टाकला आणि म्हणाले, चला देवळात. कोणी विचारलं नाही कशाला. चिनी व्याह्यांसकट सगळी वरात देवळात गेली, मीसुद्धा पोह्यांचे हात न धुता. आबा गाभाऱ्यासमोर उभे राहिले. त्यांचा गाऱ्हाण्याचा आवाज ठणठणीत. त्यांनी हात जोडले आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ही आमची भावकी आज तुझ्या दारात उभी आसा. आमच्या झिलान दर्यापलीकडचा चेडू पसंत केल्यान हा. तिच्या बापाशीचा आडनाव लिम. मूळ चीन देशातला, आता वस्ती मलेशियाक, आणि देवक म्हणशीत तर अख्खी राय. ह्यो माणूस एकटो इलो हा. बायल नाय म्हणान तेका बाजूक बसवचो नाय, असा आमी ठरवलेला आसा. तो आपल्या चेडवाक आपल्या हातान, आपल्या आडनावान देतलो. ह्येच्यात काय चुकला माकला तर ता माझ्या माथ्यार घाल, आणि पोरांका सुखात ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

व्याह्यांना त्यातला 'लिम' हा शब्द तरी कळला असणार. तो आला तेव्हा त्यांनी मान वर केली होती. आम्ही सगळे म्हणून झाल्यावर, थोडं मागाहून, त्यांनीही म्हटलं, व्हय म्हाराजा. उच्चार अगदी बरोबर. आबांनी वळून बघितलं.

भटजींनी कुरकुर केली नाही असं नाही. पण देवाला सांगून झालेलं आहे म्हटल्यावर त्यांना फार बोलता येईना. गोत्राचं विचारलं तर ते स्वतःच म्हणाले, माहीत नसलं की काश्यप. माझा भाऊ रुसला नाही, त्यानं आपणहून नवरीच्या मामाची जागा घेतली, आणि पिवळी साडी मामाकडूनच यायची असते, त्यामुळे वहिनीचंही भागलं.

लग्न लागलं. भटजींनी संकल्पात लिमांच्या तीन पिढ्यांची नावं घेतली. घाम फुटला त्यांना, पण घेतली. मांडवातल्या म्हाताऱ्या बायका पदराआड हसल्या. मुलीनं मात्र ती ऐकून डोळे पुसले, आणि मग तिची सगळी पावडर मला परत लावावी लागली.

कन्यादानाला व्याही पाटावर बसले. शेजारचा पाट रिकामा. त्यांच्या ओंजळीत मुलीचा हात, त्यावर माझ्या मुलाचा. आता वरून पाण्याची धार धरायची, ते काम मुलीच्या आईचं. भटजींनी इकडे तिकडे बघितलं. मी पुढे होणार, तेवढ्यात आबांनी माझ्या हातातली झारी घेतली आणि ते पाटाशेजारी गुडघ्यावर बसले.

धार बारीक लागते, तुटू द्यायची नसते. आबांची धार तुटली नाही. मधेच मांडवामागून कोणीतरी ओरडलं, आबा, टाकी भरून व्हाता! पाणी परसातून वाहत मांडवाच्या कडेपर्यंत आलेलं मला दिसत होतं. आबांनी तिकडे मान वळवली नाही. झारी संपेपर्यंत ते त्या हातांकडेच बघत राहिले.

उठताना त्यांना आधार द्यायला मी हात पुढे केला. मुंबईहून आलेली त्यांची लेक समोरच उभी होती. तिच्याकडे बघून ते मला म्हणाले, "झाला गो. आज माझ्या चेडवाचा पण झाला."